बूस्टरचं मराठी

"नाना, बूस्टरला मराठीत काय म्हणायचं?" मी विचारलं.

"बूस्टरच म्हणायचं," सिग्नलनाना म्हणाले. "मिल्ट्रीत बी बूस्टरच म्हणत्यात."

"मिल्ट्रीत चालत असेल. इथं चालायचं नाही. सगळा पत्रव्यवहार मराठीतच करायचा, असं परिपत्रक आहे."

"मग तुमीच काढा शब्द. आमचं मराठी म्हंजी बैलं हाकण्यापुरतं."

कुंभळवाडीच्या चावडीत भर दुपारी आम्ही दोघं अर्ज लिहायला बसलो होतो. मी तिथला ग्रामसेवक. वय सव्वीस, नोकरी अजून कायम झालेली नाही, आणि वर्ष आणीबाणीचं. सिग्नलनाना म्हणजे दौलत चिकणे. लष्कराच्या सिग्नल पलटणीत पंधरा वर्षं काढून नाईक म्हणून घरी आले आणि ओटीवर टेबल मांडून रेडिओ दुरुस्त करायला लागले. टेबलाच्या वर चौकटीत दुरुस्तीचा सरकारी परवाना लावलेला. देवाच्या तसबिरीचा हार एखाद्या दिवशी चुकायचा, पण त्या परवान्याची काच रोज पुसली जायची.

अर्जाचं कारण चावडीतच ठेवलेलं होतं. आदल्या वर्षी जिल्हा परिषदेनं गावाला सामूहिक दूरदर्शन संच दिला होता. सिंहगडावरून मुंबईचा कार्यक्रम पुढे पाठवायला सुरुवात झाली होती, पण गड आणि आमचं गाव यांच्या मधे पाठीचा डोंगर आडवा. त्यामुळे पडद्यावर नुसत्या मुंग्या. पहिले चार दिवस लोकांनी भक्तिभावानं मुंग्या पाहिल्या. पाचव्या दिवशी सरपंच म्हणाले, "मुंग्याच बघायच्या तर आमच्या बांधाला वारुळं काय थोडी हायेत?" आणि संचावर पोतं टाकलं.

मग नाना एकटेच डोंगर चढून गेले आणि उतरून आले ते हसतच. वर चित्र सापडत होतं. डोंगरावर अँटेना उभा करायचा, त्याला बूस्टर जोडून जोर द्यायचा आणि वायरीनं चित्र खाली चावडीत आणायचं, असा त्यांचा बेत. मला त्यांनी जमिनीवर काडीनं रेघा काढून समजावलं होतं.

"ट्रान्समीटर म्हंजी बोलणारा. रिसीव्हर म्हंजी ऐकणारा. आपलं समदं ऐकणारं हाय, भाऊसाहेब. आपण हवेत एक अक्षर सोडायचं न्हाई."

"उभा करून टाका की मग," सरपंच म्हणाले होते. "डोंगरावर कोण बघायला येतंय?"

"परमिशनबिगर न्हाई," नाना म्हणाले. "बिनतारीचा कायदा लई वंगाळ. माझा परवाना गेला तर मी करू काय? मला दुसरं काई येत न्हाई."

म्हणून हा अर्ज. माझ्याकडे सरकारी परिभाषेची एक पुस्तिका होती. तिच्यात बूस्टर नव्हता. ॲम्प्लिफायर होता, त्याला 'वर्धक' दिलं होतं. मी 'लहरीवर्धक' असा शब्द करून मोठ्यानं म्हणून पाहिला.

"बाळंतिणीला द्यायच्या औषधावानी वाटतंय," नाना म्हणाले आणि आम्ही दोघंही हसलो.

तो शब्द बरोबर होता. तो तसाच लिहिला असता तर आज सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण कॉलेजात मराठी निबंधाला पहिलं बक्षीस मिळवलेला माणूस मी, मला भारदस्त शब्द हवा होता. वरच्या साहेबानं वाचून म्हणावं, कुंभळवाडीला कोण आहे बुवा हा! आणि रेडिओवर उठता बसता ऐकलेला एक शब्द जिभेवर होताच. मी लिहिलं, 'प्रक्षेपक यंत्र'.

"हे कसं वाटतं? प्रक्षेपक!"

"पर-शेपक."

"प्र-क्षे-पक."

नानांनी परेडवर म्हणावं तसा तीन वेळा म्हटला. तिसऱ्यांदा बरोबर आला. "झ्याक हाय. म्हंजी बूस्टरच ना?"

"बूस्टरच."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. सही सरपंचांची पुरे होती. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! मी खाली आपण होऊन लिहिलं, 'तांत्रिक तपशील मी स्वतः तपासला असून तो बरोबर आहे', आणि सही करून शिक्का मारला.

महिनाभरानं तालुक्याच्या विस्तार अधिकाऱ्यांची चिठ्ठी आली. अर्ज वर पाठवला आहे, तोवर चाचणी घेऊन पाहण्यास हरकत नसावी. नानांनी ती चिठ्ठी परवान्याच्या चौकटीत, काचेच्या आत सरकवली आणि दुसऱ्या दिवसापासून वीस माणसं डोंगराला लागली. बांबू, सायकलच्या रिमा, बॅटऱ्या, आणि नानांनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेला बूस्टर. डब्यावर त्यांनी पांढऱ्या रंगानं सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'प्रक्षेपक'. अक्षरं मीच गिरवून दिली होती.

रविवारी संध्याकाळी चावडीत पडद्यावर एक बाई दिसली. स्वच्छ, अगदी कपाळावरच्या टिकलीसकट. पाटलांच्या म्हाताऱ्या आईनं तिला बघून पदर डोक्यावरून नीट केला. दोनशे माणसं होती, पण हूं की चूं नाही. नाना पडद्याकडे बघतच नव्हते. दारात उभे राहून ते लोकांच्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांना मिठी मारली. आयुष्यात आपण काहीतरी केलं, असं मला त्या दिवशी वाटलं होतं. ते खोटं सांगणार नाही.

नवव्या दिवशी सकाळी अकराला जीप आली.

तालुक्याचे फौजदार घोसाळकर आणि दोन शिपाई. घोसाळकर पोटाचे सुटलेले आणि स्वभावानं सालस, उन्हानं घामाघूम झालेले. आले ते चावडीत माझ्याच खुर्चीवर बसले आणि पाणी मागितलं.

"टिळेकर, ते डोंगरावरचं मशीन कुणाचं?"

"चिकणे नानांचं. बोलावतो."

नाना आले ते खाकी पँट घालून, केस विंचरून. साहेब चाचणी बघायला आले, अशी त्यांची समजूत. टाच आपटून सलाम केला.

"वरून हा कागद आलाय," फौजदार म्हणाले, "आणि आहे इंग्रजीत. मला त्यातलं एवढंच कळतं, की जप्त करा. तुम्ही वाचा बरं, टिळेकर. भानगड काय आहे नेमकी?"

मी कागद घेतला. चारच ओळी होत्या. विनापरवाना ट्रान्समीटर उभारत असल्याचं अर्जदारानं स्वतःच कळवलं आहे, तरी खातरजमा करून यंत्र ताब्यात घ्यावं आणि इसमावर कारवाई करावी. ट्रान्समीटर या शब्दापुढे कंसात माझा शब्द होता, देवनागरीत, जसाच्या तसा.

वर कुणीतरी माझा अर्ज इंग्रजीत उतरवला होता आणि अगदी बरोबर उतरवला होता. बोलणारा आणि ऐकणारा. काडीनं काढलेल्या रेघा मला स्पष्ट दिसल्या.

"काय म्हणतोय कागद?" फौजदारांनी विचारलं.

"प्रक्षेपक यंत्राबद्दल आहे," मी म्हणालो.

"ते दिसतंय हो. हे बघा चिकणे, तुम्ही फौजेतले, मला उगाच त्रास द्यायचा नाही तुम्हाला. नुसता तारांचा अँटेना-बिंटेना असेल तर तसं सांगा. मी तसा जबाब लिहितो आणि परत जातो. वरच्यांनी एवढंच विचारलंय. हे प्रक्षेपक आहे का नाही?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात कागद तसाच होता. एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, शब्द चुकलाय, हे ऐकणारं यंत्र आहे. पण त्याच महिन्यात मला मेमो मिळाला होता. नसबंदीच्या केसेस मी ठरवून दिल्याच्या निम्म्याही आणल्या नव्हत्या. माझ्याबरोबरच्या दोघांना घरी बसवलं होतं. आणि अर्जाखाली, तांत्रिक तपशील तपासला म्हणून, माझी सही. मी मनात म्हटलं, वर तज्ज्ञ लोक बसलेत, डबा उघडतील, बघतील आणि सोडून देतील. आपण कशाला मधे पडा. असं म्हणायला फार वेळ लागत नाही.

"हाय की साहेब," नाना म्हणाले. छाती पुढे होती. "प्रक्षेपकच हाय. माझ्या हातानं बनवलाय."

"नक्की?"

"डब्यावर लिवलंय बी."

फौजदारांनी सुस्कारा टाकला आणि पंचनामा लिहायला कागद माझ्याच पुढे सरकवला. माझं अक्षर चांगलं म्हणून. मी लिहिलं, नानांनी सही केली.

डोंगरावरचा अँटेना शिपायांनी ओढून पाडला. डबा पोत्यात गेला. ओटीवरची चौकटही फौजदारांनी उतरवून घेतली. विस्तार अधिकाऱ्यांची चिठ्ठी त्यांनी उलटसुलट करून पाहिली.

"हिच्यावर जावक क्रमांक नाही," ते म्हणाले. "हिला काही अर्थ नाही."

नाना जीपमध्ये बसले तेव्हा त्यांच्या बायकोनं, सोनाबाईंनी, मला विचारलं, "भाऊसाहेब, कवा सोडतील?"

"संध्याकाळपर्यंत येतील," मी म्हणालो.

ते सोळा दिवसांनी आले. जामिनावर. दाढी वाढलेली, एक डोळा सुजून मिटलेला. घरी न जाता आधी चावडीत आले आणि माझ्या समोर जमिनीवर बसले. खुर्ची दिली तर घेतली नाही.

"भाऊसाहेब, प्रक्षेपक म्हंजी काय वो?"

मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागलो.

"आत एक मास्तर व्हते, राजकारणापायी धरलेले. ते म्हणलं, प्रक्षेपक म्हंजी ट्रान्समीटर. मी त्यास्नी म्हणलं, छ्या! आमचं भाऊसाहेब शिकल्यालं हायेत. ते चुकायचं न्हाईत. पोलीस मारत व्हतं तवा बी मी त्येच सांगत व्हतो, प्रक्षेपक हाय, पर त्यो ऐकणारा हाय. ते म्हणायचे, बनवतो काय आमाला."

"नाना, शब्द जरा... दोन्हीकडे चालतो तो," मी म्हणालो.

लाज वाटते सांगायला, पण असंच म्हणालो.

"त्येच म्या म्हणलं," नानांना जरा बरं वाटलं. "वकील म्हणतोय, डबा तपासून कागद यायचा तवा येईल. डबा मुंबईला गेला का कुठं, कुणाला पत्ता न्हाई. पंचनाम्यात कबुली हाय माझी. आता एकच करायचं म्हणतोय. अर्ज लिवणाऱ्यानं कोर्टात येऊन सांगायचं, की शब्द माझा, ह्यांनी बूस्टरच सांगितलं व्हतं. तेवढ्यावर सुटतोय म्हणतोय. परवाना बी माघारी मिळंल."

"येतो की," मी म्हणालो.

"तुमच्या नोकरीला काई...?"

"काही होत नाही. येतो म्हटलं ना."

नानांनी माझे पाय धरले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस! मी पाय मागे घेतले आणि त्यांना उठवलं. त्या वेळी मला खरोखर जायचं होतं. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय, की आता ते खरं होतं की नाही हेही कळत नाही.

तारीख दीड महिन्यानं होती. आठवडाभरानं मी साक्षीची परवानगी मागायला गटविकास अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी दार लावून घेतलं.

"टिळेकर, विनापरवाना ट्रान्समीटरचं प्रकरण आहे. आणि तुम्ही कोर्टात जाऊन सांगणार, की तो कागद माझा? सध्याचे दिवस कसले आहेत ते तुम्हाला मी सांगायला हवं?"

"पण तो ट्रान्समीटर नाहीये, साहेब."

"मग तपासला म्हणून सही का केलीत?"

मी त्यांच्या टेबलावरच्या शिक्क्यांकडे बघत राहिलो.

"परवानगी मागितलीत तर मी अडवणार नाही," ते म्हणाले. "अर्ज करा. नाहीतर दुसरा अर्ज करा. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला एक जागा रिकामी आहे."

मी दुसरा अर्ज केला. त्या अर्जातला एकही शब्द चुकला नाही.

कुंभळवाडी सोडली तेव्हा नाना तालुक्याला वकिलाकडे गेले होते. सोनाबाईंनी वाटेसाठी भाकरी आणि ठेचा बांधून दिला. "तारखेला या म्हंजी झालं," त्या म्हणाल्या. मी हो म्हणालो. तारखेच्या दिवशी मी नव्या गावातल्या कचेरीत होतो. दिवसभर जन्ममृत्यूच्या नोंदी तपासत बसलो आणि कुणी हाक मारली तरी दचकत होतो.

पुढचं मला तालुक्याच्या एका कारकुनानं सांगितलं. पुकारा झाला तेव्हा नानांनी हात जोडून वेळ मागितला. भाऊसाहेब लांबून येणार आहेत, एसटी चुकली असेल. मॅजिस्ट्रेटनं प्रकरण जेवणानंतर ठेवलं. जेवणानंतर पुन्हा पुकारा झाला. वकील साक्षीदाराला समन्स काढू म्हणाला, तर नानांनी नको म्हटलं. गुन्हा कबूल आहे का, असं विचारल्यावर म्हणाले, "कबूल हाय." दंड झाला. परवाना कायमचा रद्द झाला, आणि पुढे कुठलंही रेडिओ वा बिनतारी यंत्र हाताळू नये, अशी लेखी ताकीद मिळाली.

आणीबाणी उठली. मी नोकरीत कायम झालो. लग्न झालं, मुलगी झाली, बढती मिळाली. नऊ वर्षांनी तपासणीच्या कामासाठी त्याच खोऱ्यात जाणं आलं. दौऱ्याच्या गावांत कुंभळवाडी नव्हती. तरी मी जीप तिकडे वळवायला सांगितली.

ओटीवर टेबल नव्हतं. तिथे कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या. नाना खांबाला टेकून बसले होते. दूध संकलन केंद्रावर राखणीला जातात, असं वाटेत कळलं होतं. मला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला.

"भाऊसाहेब! आगं, कोण आलंय बघ."

सोनाबाईंनी घोंगडी अंथरली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. कोनाड्यात एक ट्रान्झिस्टर दिसला, कुंकवाच्या करंड्याशेजारी, धूळ बसलेला.

"चालत नाही का?" मी विचारलं.

"लेकीनं दिला. चार वर्सं बंद हाय," सोनाबाई म्हणाल्या. "ह्ये हात लावत न्हाईत."

"आवाजाचं बटन गेलंय," नाना म्हणाले. "पाच मिन्टाचं काम."

"मग करा की."

"माझ्याकडं परवाना न्हाई, भाऊसाहेब."

"नाना, आता रेडिओला परवाना लागत नाही. सरकारनं ते सगळं बंद केलं. कुणीही बाळगावा, कुणीही दुरुस्त करावा."

"केलं आसंल. मला लेखी आलं न्हाई." ते समजावून सांगावं तसं म्हणाले. "मनाई लेखी हाय. उठवल्याचं बी लेखी यायला पायजे. उगं गुन्हा व्हायचा."

"तेच म्हणते मी," सोनाबाई माझ्या जवळ सरकल्या. "दिसभर हाताकडं बघत बसत्यात. भाऊसाहेब, आता तुमी मोठं साहेब झालाय. तुमीच एक कागद लिवून द्या की. सरकारला. ह्यास्नी मोकळं करा म्हणून."

मी खिशातलं पेन काढलं. खरंच काढलं. मला वाटलं, एवढं तरी.

"नको," नाना म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "दुसऱ्या कुणाकडनं लिवून घिऊ. भाऊसाहेबांनी नको."

पेन हातात धरून मी बसलो. मग जे नऊ वर्षं बोललो नव्हतो ते एकदाचं बाहेर पडलं.

"नाना, त्या दिवशी फौजदारांचा कागद वाचला तेव्हाच मला कळलं होतं. शब्द चुकलाय हे मला तेव्हाच कळलं होतं. मी बोललो नाही."

"ठाव हाय."

"कसं?"

"तुमी वाचता वाचता थांबलात की. तोंडाचा रंग उतरला तुमच्या. म्या म्हणलं, काईतरी घोटाळा हाय, पर भाऊसाहेबांच्या ध्यानात आलाय. आता ते सांभाळून घेत्यात. तुमी कागद हातात तसाच धरून गप ऱ्हायलात. मला वाटलं, ठीक हाय, काई काळजी न्हाई." नाना आपल्या हातांकडे बघत होते. "म्हणून तर छातीठोक सांगितलं म्या. न्हाईतर म्या बूस्टरच म्हणणार व्हतो."

सोनाबाईंनी चहा आणला. कपाचा कान तुटलेला होता म्हणून त्यांनी तो पदरात धरून माझ्या हातात दिला. मी चहा प्यालो. आणखी घालू का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी हो म्हणालो, कारण तिथून उठायचं कसं ते मला सुचत नव्हतं.